आलेखातला आलेख आणि बाबांची आडवी रेघ

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर पाऊस. म्हणजे बाहेरचा नव्हे, बाबांच्या वह्यांमधला. गेले दोन महिने रोज रात्री जेवण झालं की मी त्या वह्या आणि संगणक घेऊन बसत होतो, आणि बायको दर दोन तासांनी येऊन "झाला का तुझा पाऊस?" म्हणून विचारत होती. आता झाला. कसा झाला ते सांगतो. थोडं तांत्रिक आहे, पण आत्या, मामी, तुम्हीही वाचा, मध्येच सोडू नका. शेवटी तुमच्याच घरातली गोष्ट आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमचं गाव चिपळूणजवळ. बाबा शाळेत शिक्षक होते, १९९८ साली निवृत्त झाले आणि त्याच जूनपासून अंगणात पाऊस मोजायला लागले. साधन म्हणजे सरळ उभ्या भिंतींचा पत्र्याचा एक डबा, अडीचशे मिलिमीटर उंचीचा, आणि शाळेतली फूटपट्टी. भिंती सरळ असल्या की डबा रुंद असो की अरुंद, आत साठलेल्या पाण्याची उंची म्हणजेच पडलेला पाऊस, हे त्यांनी मला आणि ताईला इतक्या वेळा सांगितलंय की झोपेत विचारलं तरी सांगू. मोजायची वेळ सकाळी साडेआठ. हवामान खातं ज्या वेळेला मोजतं तीच. आदल्या सकाळी साडेआठपासूनचा पाऊस आजच्या तारखेला लिहायचा. पाहुणे असोत, कुणाचं लग्न असो, साडेआठला बाबा अंगणात.

गेल्या वर्षी बाबा गेले. वर्षश्राद्धाला सगळे जमणार तेव्हा त्यांच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका छापावी असं ताईच्या मनात आलं. फोटो तिच्याकडे, पाऊस माझ्याकडे अशी वाटणी झाली. मी म्हटलं, पंचवीस पावसाळे एका पानावर मावणार नाहीत, आपण चार निवडू. २००२, कारण त्या वर्षीच्या जुलैत देशभर पाऊस नेहमीच्या निम्म्याहूनही कमी झाला होता. २००५, कारण २६ जुलै. २००९, कारण पुन्हा दुष्काळ, देशभरात हंगामाचा पाऊस सुमारे २२ टक्के कमी. आणि २०२१, कारण २२ जुलैचा चिपळूणचा पूर. आमचं घर चढावर, म्हणून वाचलं, पण त्या पानावर बाबांचं अक्षर पहिल्यांदाच थरथरलेलं दिसतं.

२००५ वरून एक गंमत सांगतो. मुंबईत त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच मुंबईत कुलाब्याला त्याच चोवीस तासांत जेमतेम ७३ पडला, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. एका शहराची ही दोन टोकं. म्हणून बाबा म्हणायचे, रेडिओवर काहीही सांगोत, आपल्या अंगणात किती पडला ते आपल्या डब्यालाच विचारावं लागतं.

असो. तर चार वर्षं, चार चौकटी, एक पान. हे काम मी मॅटप्लॉटलिबमध्ये करायचं ठरवलं. मॅटप्लॉटलिब म्हणजे पायथन भाषेत आलेख काढायची लायब्ररी. ती जॉन हंटर नावाच्या अमेरिकन माणसाने लिहायला घेतली. तो मेंदूविज्ञानातला संशोधक, अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत त्याला पडद्यावर बघायचे होते आणि हाताशी असलेली साधनं पुरी पडेनात, म्हणून त्याने स्वतःचं केलं आणि २००३ च्या सुमारास सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. २०१२ साली तो अकालीच गेला. त्याचं साधन मात्र जगभरातले लोक वापरतात, आणि त्यातला एक चिपळूणकडचा मुलगा बापाचा पाऊस काढायला वापरतो. बाबांना हे ऐकायला आवडलं असतं.

एका पानावर अनेक चौकटी मांडल्या की त्यातल्या प्रत्येकीला सबप्लॉट म्हणतात. दोन ओळी, दोन स्तंभ असं सांगितलं की चार चौकटी तयार. प्रत्येकीत जून ते सप्टेंबर असे १२२ दिवस, आणि दर दिवसाचा एक निळा खांब. इथवर एका संध्याकाळचं काम. पण नुसते खांब बघून वर्ष कसं गेलं ते कळत नाही. म्हणून मला प्रत्येक चौकटीच्या आत आणखी एक लहान आलेख हवा होता: १ जूनपासूनच्या पावसाची बेरीज, दिवसागणिक चढत जाणारी एक रेघ. मोठ्या आलेखाच्या पोटातल्या ह्या लहान आलेखाला इनसेट म्हणतात. तुम्ही तो पाहिलेला आहे. शाळेच्या नकाशात महाराष्ट्राच्या बाजूला एका चौकोनात मुंबई मोठी करून दाखवलेली असायची, तोच प्रकार. किंवा आपल्या मामाच्या लग्नाचा अल्बम आठवा. मध्ये जोडीने उभं राहिलेलं दांपत्य आणि वर कोपऱ्यात गोलात मामीचा एकटीचा चेहरा, ढगातून बघितल्यासारखा. तोही इनसेटच :)

मामीचा चेहरा त्या स्टुडिओवाल्याने कात्रीने कापून चिकटवला असेल. मला वाटलं आपलं काम त्याहून सोपं. पण कुठे चिकटवायचं हे संगणकाला सांगायचं म्हणजे आकड्यांत सांगावं लागतं, आणि ते आकडे कशाच्या हिशेबाने हे आधी ठरावं लागतं. माझा पहिला आठवडा त्यातच गेला.

पहिला उपाय जो सापडला त्याचं नाव ॲड-ॲक्सेस. त्याला चार आकडे द्यायचे: डावीकडून किती, खालून किती, रुंदी किती, उंची किती. सगळे शून्य ते एकमध्ये, कारण ते अख्ख्या पानाचे हिस्से असतात. म्हणजे डावीकडून ०.५ म्हटलं की पानाचा मध्य. माझ्या चार चौकटी पानावर कुठे कुठे आहेत ते मोजून मी चार इनसेटचे सोळा आकडे कागदावर काढले, बसवले, आणि चित्र छान दिसायला लागलं. मग लक्षात आलं की खालच्या चौकटींची शीर्षकं वरच्या चौकटींच्या महिन्यांच्या नावांवर चढतायत. त्यासाठी टाइट-लेआउट नावाची आज्ञा असते, ती चौकटी हलवून सगळं नीट बसवते. ती दिली. चौकटी शहाण्यासारख्या सरकल्या. इनसेट मात्र जिथल्या तिथे! एक तर दोन चौकटींच्या मधल्या मोकळ्या जागेत अधांतरी लोंबत होता. वर संगणकाने तंबीही दिली की ह्या चित्रात काही आलेख असे आहेत ज्यांचं माझ्याशी जमत नाही, परिणाम चुकू शकतो.

चूक त्याची नव्हती. मी इनसेटला पानाचा पत्ता दिला होता, चौकटीचा नाही. घर बदललं तरी पोस्टमन जुन्याच पत्त्यावर पत्र टाकणार.

दुसरा उपाय म्हणजे ज्या चौकटीत इनसेट हवा त्या चौकटीलाच सांगायचं. त्या आज्ञेचं नाव इनसेट-ॲक्सेस. ही २०१८ साली आलेल्या ३.० ह्या आवृत्तीपासून थेट चौकटीवरच मिळायला लागली. त्याआधी वेगळं अवजार मागवावं लागायचं, त्याला रुंदी-उंची टक्क्यांत आणि कोपरा नावाने सांगायचा. इथेही आकडे चारच, शून्य ते एकमध्येच, पण आता ते त्या एका चौकटीचे हिस्से. चौकट सरकली की पोटातला इनसेट तिच्याबरोबर सरकतो. कांगारूच्या पिल्लासारखा. हे सापडलं त्या रात्री मी एकटाच इतका हसलो की बायको उठून बघायला आली.

आता प्रश्न उरला जागेचा. आलेखातली खुणांची यादी असते ना, कुठला रंग म्हणजे काय ते सांगणारी, तिला "बेस्ट" म्हटलं की ती आपली आपण कमीत कमी अडचणीची जागा शोधते. इनसेटला ती सोय नाही. त्याला जागा तुम्हीच शोधून द्यायची. आणि तो स्वभावाने जरा दांडगा असतो. तो खांबांच्या वर काढला जातो आणि त्याची पार्श्वभूमी पांढरीफेक असते, त्यामुळे खाली जे काही असेल ते झाकून टाकतो. शिवाय चार आकडे फक्त त्याच्या चौकोनाचे. त्याच्या अक्षावरचे बारके आकडे चौकोनाच्या बाहेर, म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात पडतात. तेही धरून जागा बघावी लागते.

२००५ आणि २०२१ मध्ये प्रश्न आला नाही. सप्टेंबरात पाऊस ओसरलेला, उजवीकडे वर जागाच जागा. २००२ मध्ये जुलै आमच्याकडेही फिका होता, तिथे मावला. २००९ मात्र अवघड. प्रत्येक चौकटीची उभी पट्टी मी ज्या त्या वर्षाच्या सर्वात मोठ्या पावसाला बेतली होती, त्यामुळे दुष्काळाचं वर्ष असूनही खांब वरपर्यंत पोचलेले. कुठेही इनसेट ठेवला की कुणा ना कुणाचं डोकं उडायचं. फक्त एक पट्टा रिकामा होता, ऑगस्टच्या सुरुवातीपासून २९ तारखेपर्यंत. सुरुवातीचे दहा दिवस नावाला पाऊस आणि पुढे एकही खांब नाही. हिशेब केला. १ ऑगस्ट म्हणजे १२२ मधल्या ६१ दिवसांनंतर, बरोबर मध्यावर. २९ ऑगस्ट म्हणजे नव्वदावा दिवस, साधारण ०.७४. बारक्या आकड्यांसाठी थोडी जागा सोडून इनसेट ०.५३ पासून सुरू केला, रुंदी ०.२१. जणू त्याच्यासाठीच राखून ठेवल्यासारखा बसला.

तो बसला तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पीडीएफ केली आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. ताईचे अंगठे आले, पुतण्याची टाळ्या वाजवणारी बाहुली आली, आत्याने गुलाबाचं फूल पाठवलं. काकाने काहीच पाठवलं नाही. त्याचा दुसऱ्या दिवशी फोन आला.

"अरे, ते २००९ चं चित्र बघितलं. मधल्या छोट्या चौकोनात रेघ ऑगस्टात आडवी का पडलीय?"

मी म्हटलं, काका, ती बेरजेची रेघ. पाऊस पडला की चढते, नाही पडला की आडवी. त्या वर्षी ऑगस्टात पाऊस नव्हता.

"नव्हता कसा? गणपती कधी होते त्या वर्षी?"

मी शोधून सांगितलं, २३ ऑगस्टला चतुर्थी.

"मग? गणपतीत मी छत्री घेऊन वाडीभर आरत्यांना फिरलोय. सुरुवातीला नव्हता पाऊस, भात पिवळं पडायला लागलं होतं, पण गणपतीत आला. माझ्या चांगलं लक्षात आहे. त्या वर्षी गणपती मीच बसवला होता ना."

गणपती दरवर्षी बाबा बसवायचे. घरातले थोरले ते. काकाने गणपती बसवला असं एकदाच झालं. मी फोन हातात धरून गप्प बसलो. काका म्हणाला, "असशील तू विसरला. तू तेव्हा शुद्धीत कुठे होतास."

ऑगस्ट २००९. माझी पुण्यातली दुसरीच नोकरी, कोथरूडमध्ये तिघांत एक खोली. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी त्या महिन्याच्या ३ तारखेला पुण्यातच गेला होता. शाळा बंद, रस्त्यात जो तो तोंडाला रुमाल किंवा मास्क लावून. मला ताप आला, मग दम लागायला लागला, आणि खोलीतल्या मित्रांनी एका रुग्णालयात नेऊन टाकलं. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. न्यूमोनिया झाला होता. आई-बाबा निरोप मिळताच रात्रीच्या एस.टी.ने निघाले. आत कुणालाच सोडत नसत. काचेच्या दाराबाहेर बाबा उभे असायचे, पांढरा रुमाल तीन पदरी बांधून. मी त्यांना ओळखायचो ते चष्म्यावरून.

हे सगळं मला माहीत होतं की. विसरलो नव्हतो. फक्त ते दिवस आणि ह्या आलेखातले दिवस एकच आहेत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी त्या वर्षाचा एकेक आकडा स्वतःच्या हाताने टंकला होता तरीसुद्धा.

त्या शनिवारी मी गावी गेलो. वह्या मी पुण्याला आणल्या नव्हत्या. पानांचे फोटो काढून त्यावरून टंकलं होतं. आईला २००९ ची वही काढायला सांगितली. ११ ऑगस्टपासून २९ पर्यंत, एकोणीस दिवस, प्रत्येक तारखेपुढे एक छोटी आडवी रेघ. आणि २९ च्या पुढे बारीक अक्षरात: "संध्याकाळी परत आलो. डबा काठोकाठ भरलेला. कधी भरला माहीत नाही."

फोटोत ही ओळ पानाच्या कडेला कापली गेली होती.

आई म्हणाली, "तू वहीचं पहिलं पान वाचलं नाहीस का?" पहिल्या पानाचा फोटो मी काढलाच नव्हता, त्यावर आकडे नव्हते म्हणून. तिथे बाबांनी १९९८ पासून प्रत्येक वहीत लिहायची ती ओळ लिहिली होती: शून्य म्हणजे मोजला, नव्हता; आडवी रेघ म्हणजे मोजला नाही.

आता मी काय केलं होतं ते सांगतो, कारण ही चूक माझ्यासारखे खूप जण करतात. टंकताना आडव्या रेघांच्या जागी मी रकाने रिकामे सोडले होते. तिथवर ठीक. संगणकात रिकाम्या रकान्याला नॅन म्हणतात, म्हणजे "आकडा नाही". पण नंतर बेरजेची रेघ काढायला गेलो तर ती १० ऑगस्टला तुटली आणि पुढे सप्टेंबर अखेरपर्यंत दिसेचना. बरोबरच आहे, "माहीत नाही"मध्ये काहीही मिळवलं तरी उत्तर "माहीत नाही"च येणार. संगणक प्रामाणिकपणे तेच सांगत होता. मला वाटलं काहीतरी बिघाड आहे, म्हणून मी एका ओळीत सगळ्या रिकाम्या रकान्यांत शून्य भरून टाकलं. रेघ मुकाट जोडली गेली. खांबांच्या आलेखात तर फरक दिसायचा प्रश्नच नव्हता, कारण शून्य पावसाचा खांब आणि न मोजलेल्या पावसाचा खांब सारखेच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. आणि मग त्या मोकळ्या पट्ट्यावर मी इनसेट ठेवला. त्याच इनसेटमध्ये ती खोटी आडवी रेघ.

पंचवीस वर्षांच्या वह्यांमध्ये एवढी मोठी सुट्टी दुसरी नाही. आम्ही दोघंही रात्रभर चाळून बघितलं. आजी गेली तेव्हाही दुसऱ्या दिवशीचा आकडा आहे. ताईच्या लग्नाच्या दिवशी आहे. बाबांचं स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी मुद्दाम जानेवारीत करून घेतलं होतं. एकोणीस दिवस डबा अंगणात एकटा राहिला, गणपती धाकट्या भावाने बसवला, तो एकदाच. त्यावर मी खोट्या रेघेची पांढरी चौकट ठेवली होती आणि छान बसली म्हणून खूश झालो होतो.

आईला म्हटलं, बाबा ह्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. ती म्हणाली, "बोलायचं काय त्यात? परत आल्यावर फक्त एवढंच म्हणाले, की निदान अडीचशे तरी पडलाच असणार."

आणि तिच्या ह्या वाक्यातून मला पुढचं चित्र सुचलं. डबा काठोकाठ भरला होता, म्हणजे त्या एकोणीस दिवसांत कमीत कमी अडीचशे मिलिमीटर पाऊस नक्की झाला. जास्त किती ते कुणालाच माहीत नाही, कारण वरचं वाहून गेलं. म्हणजे "काहीच माहीत नाही" असंही नाही. म्हणून बेरजेची रेघ १० ऑगस्टपर्यंत अखंड काढली, मग थांबवली. ३० ऑगस्टला ती आधीच्या बेरजेत अडीचशे मिळवून पुन्हा सुरू केली, पण ठिपक्यांची, आणि तिच्यावर लिहायचं: "निदान इतका". खांबांच्या आलेखात ११ ते २९ ऑगस्ट हा पट्टा फिक्या राखाडी रंगाने भरला, म्हणजे तिथे पाऊस नव्हता असं कुणाला वाटू नये.

मग इनसेट कुठे? ह्या वेळी रिकामी जागा शोधण्याऐवजी ती तयार केली. चारही चौकटींची उभी पट्टी वर दीडपट वाढवली. खांब थोडे बुटके झाले, पण सगळ्यांच्या डोक्यावर मोकळं आभाळ आलं. इनसेट चारही चौकटींत एकाच जागी, डावीकडे वर. आणि चारही इनसेटची उभी पट्टी सारखीच ठेवली, म्हणजे २००५ ची रेघ कुठवर चढली आणि २००२ ची कुठे दमली हे शेजारी-शेजारी दिसतं. आधी प्रत्येक इनसेट आपापल्या मापाने ताणलेला होता, त्यामुळे दुष्काळाचं वर्षही पुराच्या वर्षाइतकंच भरलेलं दिसायचं. हेही मला पहिल्या वेळी सुचलं नव्हतं.

जे कुणी हे काम करत असतील त्यांच्यासाठी एक छोटी सवय सांगून ठेवतो. इनसेट बसला की एकदा त्याची पांढरी पार्श्वभूमी काढून टाका, नुसती पारदर्शक करा, आणि खाली काय आहे ते बघा. मग हवी तर परत आणा. एका ओळीचं काम आहे. आणि खाली काहीच नाही असं दिसलं तर तिथे काहीच का नाही, हे एकदा विचारा. मला काकाने विचारलं म्हणून बरं.

शेवटची अडचण अक्षरांची. माझ्याकडे मॅटप्लॉटलिबची जी आवृत्ती होती ती देवनागरी नीट जुळवत नव्हती. "मिलिमीटर" लिहिलं की पहिली वेलांटी म च्या मागे जाऊन बसायची, जोडाक्षरांचे पाय मोडायचे. दोन संध्याकाळी त्यात घालवल्यावर ताई म्हणाली, तू नुसत्या रेघा छाप, नावं आपण हाताने लिहू. मग मोठ्या कागदावर बिनअक्षरांचं चित्र छापलं आणि गावी नेलं. महिन्यांची नावं ताईने लिहिली, वर्षं काकाने, ठिपक्यांच्या रेघेवरचं "निदान इतका" मी लिहिलं. राखाडी पट्टा उरला. तिथे काय लिहायचं ह्यावर चर्चा झाली. मी म्हटलं "नोंद नाही" लिहू. ताई म्हणाली "मोजला नाही", बाबांच्याच शब्दांत.

आईने पेन घेतलं आणि पट्ट्यात उभं लिहिलं, "पुण्याला".

तेच स्कॅन करून पुस्तिकेत घेतलं आहे, पान अकरा. वर्षश्राद्धाला सगळ्यांना मिळेलच. डबा अजून अंगणात आहे. ह्या जूनपासून साडेआठला काका मोजतो, आणि ज्या दिवशी चुकतो त्या दिवशी आडवी रेघ मारतो.